उरलेला वारा

सुट्टीचा दिवस. कारखाने बंद, विजेला गिऱ्हाईक नाही, आणि डोंगरावरच्या पवनचक्क्या मात्र नुसत्या उधळलेल्या. वीज नियंत्रण कक्षात वाऱ्याच्या विजेवर नजर ठेवण्याचं काम तिचं. सदा काळजीत, सतत धोक्याचे इशारे देणारी, म्हणून सगळे तिला ‘वेधशाळा’ म्हणत.

पडद्याखाली तिनं मोबाइल उभा करून ठेवला होता. त्यात घरचा पाळणा दिसे. बाळ झोपेत मध्येच श्वास रोखायचं. तान्ही मुलं असं करतात, असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाईंचं म्हणणं, जास्त शिकलीस ना, म्हणून जास्त घाबरतेस.

दुपारी तिच्या लक्षात आलं. पडद्यावरची वाऱ्याच्या विजेची हिरवी रेघ चढली, की मोबाइलमधली इवलीशी छाती वर यायची. रेघ उतरली, की खाली. डोंगरावरचा वारा काही श्वासागणिक बदलत नाही. योगायोग, तिनं मनाला बजावलं.

वीज वाढतच होती. साहेबांनी पूर्वेकडच्या चक्क्या बंद करायला लावल्या. रेघ धपकन खाली आली.

पाळण्यातली छाती अर्धीच उचलली गेली.

“साहेब, त्याऐवजी कोळशाची वीज कमी करू या ना.”

“ती आधीच तळाला टेकलीय. आणखी उतरवली तर भट्ट्या विझतील. बाकीच्या चक्क्याही बंद कर, नाहीतर जास्तीच्या विजेनं यंत्रणा कोसळून सगळं शहर अंधारात जाईल, दवाखान्यांसकट.” मग तिचा चेहरा पाहून ते म्हणाले, “अगं, वारा काय तुझ्या माहेरचा आहे?”

कुणीतरी हसलं.

तिनं टेबलावरच्या फोनवरून घरी लावला. बाळाला उचला म्हणाली. आत्ताच तर निजलाय, सासूबाई कुरकुरल्या.

“उचला ना, आई. हलवून जागं करा.”

धोक्याची घंटा वाजू लागली. साहेब मागे येऊन उभे राहिले.

दवाखान्यांतही कुणाची तरी बाळं होती.

योगायोग, ती पुन्हा म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

घंटा थांबली. डोंगरावरून निरोप आला, एकूण एक चक्की थांबली.

“अगं, हा मान धरत नाहीये,” कानाशी सासूबाईंचा आवाज आला. “हाक मारतेय, तर...”

रेघ आता शून्यावर सपाट पडायला हवी होती. पण पार तळाशी ती अजून हलत होती. बारीक, घाईघाईनं. वर, खाली. वर, खाली.

साहेबांनी वाकून पाहिलं.

“हे काय उरलंय अजून? तेवढंही बंद कर.”