चुकीबाईचे कागद

घरशाळेचं वेळापत्रक करायला एक मोठा चौकटींचा कागद लागतो, एक लांब पट्टी लागते आणि घरात एक निवृत्त माणूस लागतो. कागद आणि पट्टी विकत आणावी लागते.

मी चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्यावर पोट भरायचं, असा माझा धंदा. निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की घरातल्या माणसांना चुका दाखवलेल्या आवडत नाहीत, फुकट दाखवल्या तर मुळीच नाही. मग दोन नातींची शाळा घरी भरायला लागली आणि मला पुन्हा नोकरी लागली. पगार नाही, रजा नाही, आणि साहेब नऊ वर्षांचे.

आमची पद्धत युनिटची. म्हणजे एक विषय धरायचा आणि तीन आठवडे त्याचा पिच्छा पुरवायचा. 'मुंग्या' म्हटलं की गणितात मुंग्यांचे पाय, भाषेत मुंगीचं पत्र, भूगोलात वारुळाचा नकाशा आणि चित्रकलेत पुन्हा मुंगीच. तिसऱ्या शुक्रवारी मुलींना मुंगीबद्दल सगळं कळलेलं असतं आणि आजोबांना साखरेच्या डब्याकडे बघवत नाही. सोमवारी 'पूल' सुरू.

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी सातला जाते, चारला येते आणि बूट न काढता सोफ्यावर बसते. जावई बोटीवर. वर्षातून दोनदा घरी येतात आणि पाहुण्यासारखे कुठे काय ठेवलंय ते विचारतात. धाकटी सहा वर्षांची, तिला शाळा कुठेही भरली तरी चालते. प्रश्न थोरलीचा होता.

थोरलीनं वर्गात फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं आणि वर्ग हसला. बाईही हसल्या. एवढंच झालं. त्यानंतर ती शाळेत बोलेना, मग महिनाभरात घरीही बोलेना. शिक्षण खात्यानं एक वर्षाची परवानगी दिली. वर्षाच्या शेवटी तपासनीस बाई घरी येणार, फायली पाहणार आणि थोरलीला तोंडी प्रश्न विचारणार. ती बोलली तर घरशाळा पुढे चालू. नाही बोलली तर पुन्हा तीच शाळा, तोच वर्ग, तोच फळा.

लेक मला एवढंच म्हणाली होती, "बाबा, तिला परत तिथे पाठवायचं नाही. बाकी तुम्ही काय करायचं ते करा."

सुरुवातीला थोरली लिहीतही नव्हती. लिहिलंच तर खोडायची. चोपन्न लिही, खोड, पुन्हा चोपन्न, पुन्हा खोड, कागदाला आरपार भोक पडेपर्यंत. तिच्या वहीतून पलीकडचं पान वाचता यायचं. टेबलावर रबराचा चुरा आणि त्यामागे मिटलेले ओठ, ही आमची घरशाळा.

तेव्हा मला चुकीबाई सुचली.

प्रिंटरमधून दोनऐवजी तीन प्रती काढल्या. तिसरी प्रत मी स्वतः सोडवली, डाव्या हातानं, म्हणजे अक्षर ओळखू यायला नको. अक्षरं सगळी डावीकडे कलंडलेली, वाऱ्यात उभी असल्यासारखी. आणि उत्तरं झाडून चूक. आयुष्यभर चुका पकडलेल्या माणसाला चुका करण्यात जो आनंद होतो तो मी तुम्हाला सांगू शकत नाही. वर नाव लिहिलं, 'चुकीबाई', आणि कागद थोरलीपुढे ठेवून तिच्या उजव्या हातात माझं जुनं लाल पेन दिलं.

"ही आपल्या शाळेतली नवी मुलगी. मला आता डोळ्यांनी दिसत नाही नीट. जरा तपासून दे."

तिनं पहिलं उत्तर वाचलं, दुसरं वाचलं. मग चार महिन्यांनी तिचा आवाज ऐकू आला.

"आजोबा, ही बाई अगदीच येडी आहे."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धुतलं.

तिथून गाडी रुळावर आली. थोरली चुकीबाईला झापायची, समजावून सांगायची, लाल पेनानं 'पुन्हा असं करू नकोस' लिहायची. तिला शिकवता शिकवता स्वतः शिकायची. टेबलाला चार खुर्च्या होत्या. एक चुकीबाईची ठरली.

पण रोज तीन प्रती, त्यातली एक डाव्या हातानं चुकवायची, हे सोपं नव्हतं. 'पूल' युनिटच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी चुकीबाईचे कागद पुढ्यात घेतले आणि तिथेच डोळा लागला. उठलो तर कागद भरलेले. लेक बाजूला चहा पीत होती. म्हटलं, बिचारीनं हातभार लावला. दमलेल्या घरात माणसं एकमेकांना फार विचारत नाहीत. विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायला ताकद हवी.

पुढे मी ते काम सोडूनच दिलं. तिसरी प्रत कोरी टेबलावर ठेवायची. सकाळी ठेवली की दुपारपर्यंत भरलेली मिळायची. दीड महिना हा सुखाचा संसार चालला.

"चुकीबाईचं तू फार छान जमवतेस," एकदा मी लेकीला म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. "मी? मला वाटलं तुम्हीच लिहिताय."

"मी नाही लिहीत."

"बाबा, मी चारला येते. मला स्वतःची सही करायचा कंटाळा येतो."

तिनं चहा संपवला आणि सोफ्यावर आडवी झाली. मग ती म्हणाली, "थोरलीच लिहीत असेल. गंमत म्हणून." आणि कुशीवर वळली.

आता, चुकांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. प्रत्येक माणसाची चूक त्याची स्वतःची असते, हाताच्या ठशासारखी. बिनसहीचं प्रुफ हातात आलं तरी कोणत्या जुळाऱ्यानं त्याचे खिळे जुळवलेत ते मी सांगायचो. मी चुकीबाईचे सगळे कागद फायलीतून काढले आणि चष्मा पुसून बसलो.

पहिले दहा कागद माझे. मोठ्या माणसानं ठरवून केलेल्या चुका, थोड्या जास्त विनोदी. त्यानंतरचे माझे नव्हते. लेकीचे नव्हते. थोरलीचे तर नव्हतेच, कारण एकही खाडाखोड नव्हती. अक्षर मात्र तेच, डावीकडे कलंडलेलं.

'पुलाखाली नदी का असते?' याला उत्तर होतं, 'पुलाला एकटं वाटू नये म्हणून.'

'सावली कधी दिसत नाही?' याला उत्तर होतं, 'आपण तिच्यात असतो तेव्हा.'

मी समंजस माणूस आहे. दुसऱ्या दिवशी माझी दाताच्या डॉक्टरांकडे वेळ होती. जाताना चुकीबाईचा कोरा कागद घडी करून माझ्या कापडी पिशवीत घातला. दीड तास डॉक्टरांच्या बाकावर बसलो, पिशवी मांडीवर. आत खुर्चीत आडवा झालो तेव्हाही ती पोटावर धरली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, तिजोरी आणलीत का?" तोंडात हत्यारं असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन कागद काढला. भरलेला होता. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं तर शिसं बोटाला लागलं.

तेव्हा 'आपलं घर' हे युनिट चालू होतं. खोल्या मोजा, दारं मोजा. 'घरात माणसं किती?' याला चुकीबाईनं लिहिलं होतं, 'पाच'. थोरलीनं त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली.

"अगं, चारच ना? तू, धाकटी, आई आणि मी. बाबा तर बोटीवर."

"मोजा ना आजोबा," ती म्हणाली, आणि पुढच्या उत्तराकडे वळली.

त्या दिवशी पाहुणे आले होते म्हणून मी धाकटीला चौथ्या, चुकीबाईच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली आणि लगेच उठली.

"नको. गरम आहे."

मी कागदांच्या कोपऱ्यात चुकांची मोजणी लिहायला लागलो. जुनी सवय. बारा. नऊ. नऊ. पाच. तीन. चुकीबाई सुधारत होती. शिक्षक म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता.

तपासणीच्या आदल्या सोमवारी तिचा पहिला कागद बिनचूक आला. थोरलीनं तो दोनदा वाचला, लाल पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"तपासायचं नाही?"

"आता ती चुकत नाही."

"मग चांगलंच की."

"हो." तिनं रबर उचललं, बोटांत फिरवलं. "म्हणून आता माझी पाळी. वर्षभर ती चुकणार होती आणि मग मी. असं ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?"

"तुम्हीच तर आणलंत ना तिला," ती म्हणाली. रागानं नाही. आठवण करून दिल्यासारखं.

तपासनीस बाई गुरुवारी अकराला आल्या. भल्या बाई होत्या, पाय दुखत होते त्यांचे. लेकीनं रजा घेतली होती आणि ती दाराच्या चौकटीला टेकून नखं खात होती. धाकटी बहिणीशेजारी बसेना. माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझा अंगठा धरून ठेवला.

बाईंनी विचारलं. थोरलीनं उत्तर दिलं. स्पष्ट, मोठ्यानं, बाईंच्या डोळ्यांत बघून. मुंग्या, पूल, घर, सावली. एकदाही अडली नाही.

"सात आठे?"

"छप्पन्न."

"शाबास. लिहून दाखव."

तिनं लिहून दाखवलं. बाई कागदाकडे बघून हसल्या.

"डावखुरी आहे वाटतं. माझी मुलगीसुद्धा."

लेकीनं ऐकलं नाही. ती रडत होती. धाकटीनं माझा अंगठा आणखी घट्ट धरला.

परवानगी मिळाली, तीन वर्षांची. बाई गेल्या आणि लेक सोफ्यावर आडवी झाली. मी तिच्याजवळ गेलो.

"ऐक जरा. थोरली..."

"बाबा." तिनं डोळे मिटले होते. "सगळं नीट झालंय. आज काही सांगू नका. उद्याही नका सांगू."

आणि ती झोपली. वर्षभरात तिला असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी टेबलाशी आलो. सकाळची तिसरी प्रत तिथेच होती.

अक्षर कलंडलेलं नव्हतं. सरळ होतं, जपून काढलेलं, घाबरट. सात आठेच्या जागी चोपन्न. खोडलेलं. पुन्हा चोपन्न. खोडलेलं. मग भोक.

भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला, डावा. त्यानं लाल पेनाचं टोपण काढलं, कागदावर मोठी फुली मारली.

"आजोबा," ती हसून म्हणाली, "ही बाई अगदीच येडी आहे."

सोमवारी नवं युनिट सुरू करायचं होतं. विषय 'पक्षी'. मी चौकटींचा कागद आखला, तीन प्रती काढल्या. तिसरी सोपी ठेवली. तीत सातचा पाढा घातला नाही. प्रश्न थोडे, ओळी मोठ्या, खाली हवेशीर जागा. अगदी तळाला हातानं एक प्रश्न लिहिला, जो दुसऱ्या दोन्ही प्रतींत नव्हता.

'तू कुठे आहेस?'

कागद कापडी पिशवीत ठेवला, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीशी ऊन होतं तिथे बसलो. आतल्या खोलीत ती धाकटीला मोठ्यानं पाढे म्हणून दाखवत होती. धाकटी काही बोलत नव्हती.

तासाभरानं कागद काढला. पक्ष्यांची सगळी उत्तरं लिहिलेली होती, सरळ अक्षरात. शेवटच्या प्रश्नालाही तिनं उत्तर लिहिलं होतं, बहुतेक बऱ्याच वेळा. तिथे कागद उरला नव्हता.

मी पिशवी उलटी करून तळहातावर झटकली. रबराचा चुरा पडला, मूठभर. अजून कोमट होता.