दारव्ह्याचं चौथं चाक

“नलूच्या बाबानं चुकीचा टायर लावला म्हणते, अन् त्याच्यानं भगवानराव मेले म्हणते. उद्या त्याइले यवतमाळच्या जेलात नेऊन राह्यले, साहेब. तिथं गेला माणूस परत येते का?”

सत्यशीला उभीच होती. दोन वर्षांपूर्वी तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण दारव्ह्यात तिला अजून कोणी ‘बस’ म्हणालं नव्हतं.

सदाशिवराव खासगी तपास करत. त्यांची जीप रामसिंग चालवी. त्यानं आधीच निकाल दिला, “टायर हिच्या नवऱ्यानं, उकंडानं लावला. चूक त्याचीच!”

ठाण्यामागे जमीनदार भगवानरावांची १९३० सालची मोटार चेंदामेंदा होऊन पडली होती. पुढच्या डाव्या चाकाचा टायर सुटून बाजूला. पंचनाम्यात फक्त ‘चुकीचा टायर’. फौजदारानं आकडा लिहायचे कष्टही घेतले नव्हते.

सदाशिवरावांनी चिखल पुसला. “टायरवरचा शेवटचा आकडा म्हणजे रिमचं माप. तीन टायर एकोणीसचे, हा वीसचा. एक इंच ढिला. वळणावर निसटणारच.”

“मी काय म्हणलो?” रामसिंग म्हणाला.

“जरा रिमच्या कडा पाहा.”

तीन रिमांच्या रंगावर ताजे ओरखडे होते. चौथी कोरी. मागची स्टेपनीची जागा रिकामी. रामसिंगनं पाहिलं आणि जांभई दिली.

कोठडीत उकंडा म्हणाला, “चारही एकोणीसचेच होते जी. लोखंडी पट्टी घालून चढवले. घाम निघाला.”

मयताचा धाकटा भाऊ रामराव अंगणात खाटेवर बसला होता. मागे त्याची कोरी बंडी, बैल जुंपायची. एकीकडे रबरी चाक, दुसरीकडे दगडांचा टेकू.

“मले मोटारीतलं ओ का ठो समजत नाही,” रामराव म्हणाला. “उकंडानं मागितली म्हणून दादानं त्या लोकाइले विहिरीसाठी वावरातली जागा द्याचं कबूल केलं, अन् त्याइनंच दादाले खाल्लं. लोक म्हणते, उन्नीस-बीस चालते. चाकाले नाही चालत, रामसिंगजी!”

रामसिंग खो खो हसला.

टायरवाला देवीलाल काट्यावर तोलल्यासारखं बोलला. “उकंडाले एकोणीसचे चार देल्ले. स्टेपनीची रिम भगवानरावानं नुसती रंगवून ठेवली होती, टायर मागून घेणार होते. वीसचे? दोनच विकले. रामरावच्या बंडीले.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात सगळे जमले.

“एकोणीसचा टायर पट्टीशिवाय चढत नाही,” सदाशिवराव म्हणाले, “आणि पट्टी रिम ओरबाडतेच. वीसचा मात्र बांगडीसारखा नुसत्या हातानं चढतो. कोरी रिम म्हणजे स्टेपनीची. तिच्यावर कोणीतरी बंडीचा टायर घातला आणि उकंडानं लावलेलं चौथं चाक काढून तिथे ही बसवली. घाम गाळून तीन चढवणाऱ्याच्या हाताला हा ढिलेपणा कळला नसता?”

रामसिंगचं हसू आता कुठे उतरलं. “उन्नीस-बीस...”

“हो. पंचनाम्यात आकडा नाही. रामरावांकडे आपण काही बोललो नव्हतो. तरी मोटारीतलं न समजणाऱ्यानं नेमके तेच दोन आकडे सांगितले, तेही चाकाला लावून. भाऊ गेला, वावर वाचलं, आणि पाणी मागणारा आत गेला. एका टायरात तीन कामं.”

रामरावनं सुपारी कातरणं थांबवलं नाही.

“पटलं,” फौजदार म्हणाला. “ते चौथं चाक कुठाय?”

“सापडलं नाही. कुठल्या तरी डोहात असेल.”

“देवीलाल, वीसचे टायर कोणी नेले, लिहून देता?”

देवीलाल आपल्या चपलांकडे पाहू लागला. “माहं दुकान याच गावात हाय जी. मले... आठवत नाही.”

“मग माझ्या हातात काय आहे?” फौजदार म्हणाला.

त्याच्या हातात टाक होता. त्यानं उकंडाच्या रवानगीवर सही केली.

शिपाई उकंडाला गाडीत चढवू लागले तेव्हा सत्यशीला आडवी आली नाही, रडलीही नाही. तिनं सदाशिवरावांना विचारलं, “तुमाले समजलं. या साहेबाले समजलं. रामरावले तर आधीच ठाऊक होतं. मंग नलूच्या बाबाले कायले नेऊन राह्यले?”

सदाशिवरावांनी टोपी काढली. गाडी निघून गेली, तरी टोपी त्यांच्या हातातच होती.