देवघरामागचं दार

ऋतुराज, तुझ्या गाडीचं मागचं दार बुजवून तितं देवघर बसवायचं म्हणतूस न्हवं? मग ऐक आधी. वैष्णवी, तूबी तो मोबाईल ठेव खाली. ही आमच्या बिरुदेवाची गोष्ट हाय, थापा न्हाईत.

बिरुदेव कुंभारी गावात जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी, नळ बसवून फिरती घरं करायचा. हात लई चांगला. गेल्या साली त्यानं वळसंगच्या अभिमन्यूची गाडी केली. अभिमन्यूची आई, सोजरबाई, येऊन म्हणली, "घराला दोन दारं असली की आलेली लक्ष्मी मागनं जाती. मागचं बुजव, तितं देव ठेव."

गॅसची टाकी बाजूच्या दाराशीच हुती. ती पेटली तर मागनंच बाहेर पडायचं, हे बिरुदेवाला काय ठाऊक नव्हतं व्हय? मागच्या पलंगावर तर अभिमन्यूची सात वर्साची पिंकी झोपणार. पर म्हातारीला नाही कोण म्हणणार! बेट्यानं दाराची कडी काढली, आतनं स्क्रूनं प्लाय बसवला आन् त्यावर देवघर लावलं.

अठरा जानेवारी. गड्ड्याची जत्रा चालू. पहाटे पाचला त्यांना गोकर्णला निघायचं, म्हणून बिरुदेव रात्री साडेअकराला एकटाच गाडी पोचवायला निघाला.

कुंभारी मागं पडली आन् मागनं आवाज आला. ठक... ठक.

म्हणला, स्क्रू ढिला राहिला असंल. गाडी थांबवली. आवाज बंद. पुन्हा चालू केली.

ठक ठक ठक.

उतरून बाजूच्या दारानं आत गेला. बॅटरी मारली. पलंग रिकामा. प्लाय मात्र हलत हुता...

हात लावला. चटका बसला! जानेवारीची थंडी, आन् प्लाय तव्यावानी तापलेला. जळका वास. मग त्या रिकाम्या पलंगावरनं...

"मामा... उघडा की..."

पिंकीचा आवाज.

 देवघर उतरवलं. पेचकस घेतला. एक स्क्रू. दुसरा. बोटं भाजत हुती. प्लाय निघाला... आन् सगळं गप. मागं नुसता गार पत्रा.

त्यानं तितंच कडी बसवली. वळसंगला पोचला तर पिंकी घरात गाढ झोपलेली. सोजरबाईनं तोंड सोडलं, "आता देव कुटं ठेवू रं मेल्या?"

"मांडीवर घ्या. पर दार बुजवाल तर किल्ली देत न्हाय."

प्लाय काखेत मारून तो पहाटेच्या टेम्पोनं परत आला. उजेडात बघतो तर प्लायवर काजळीचा पंजा. एवढासा. पुसला, गेला न्हाय.

चवथ्या दिवशी परतीच्या वाटेत टाकी पेटली. बाजूच्या दाराला जाळ. मागनं आधी पिंकी बाहेर, मग सगळी. मांडीवरचे देवबी वाचले. गाडीचा कोळसा झाला बघ.

पेढे घेऊन आली समदी बिरुदेवाकडं. पिंकी खेळता खेळता प्लायपाशी गेली आन् त्या पंज्यावर हात ठेवला. बोट न् बोट बसलं.  आग लागायच्या चार दिस आधी प्लाय गाडीतनं निघालेला की!

बिरुदेव त्यो प्लाय घरात ठेवंना, म्हणून मी आणला.

ऋतुराज, जरा सरक. तू पाठ टेकलीस न्हवं, त्योच ह्यो. बोट लाव की... घाबरू नको, लाव.

बघ. अजून काळं लागतंय.