पुणं, नागपूर आणि आबांची कवळी

न्हावऱ्याच्या वळणावर शिरूर-दौंड एसटीनं असा काही ब्रेक मारला की करुणाच्या मांडीवरची डबी उडाली, झाकण एकीकडं गेलं आणि आतली कवळी घरंगळत जाऊन थेट पुढच्या सीटवरच्या एका तरुणाच्या बुटावर विसावली.

त्यानं खाली बघितलं. कवळी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि उभं राहून अगदी शांतपणे विचारलं, "कुणाचे दात पडलेत का?"

झालं! अख्ख्या गाडीत चाचपाचाचपी सुरू झाली. एका म्हाताऱ्यानं तर तोंडात बोट घालून खात्री करून घेतली. करुणाची कानशिलं तापली. गप्प बसावं तर कवळी जाईल, बोलावं तर अब्रू जाईल... शेवटी तिनं हात वर केला.

"माझे आहेत. म्हणजे... माझे नाहीत. नमुन्याचे आहेत."

त्यानं खिशातला रुमाल काढला, कवळी नीट पुसली आणि रुमालासकट तिच्या हातात दिली. डोळ्यांत नुसती खोडी भरली होती.

"हसू नका हो," ती पुटपुटली.

"मी कुठं हसतोय? हेच हसतंय."

आणि मग दोघंही हसले. एवढंच. पण शेजारची बाई खाली उतरल्यावर तो मागं येऊन बसला, आणि दौंड येईपर्यंत करुणानं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. ती केंदूरची. पुण्यात दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेआधी एका बिनदाती माणसाची अख्खी कवळी स्वतःच्या हातानं करायची असते, आणि तो बिनदाती माणूस विद्यार्थ्यानं स्वतःच शोधून आणायचा असतो. गावातली म्हातारी माणसं पुण्याच्या खेपा घालायला तयार नव्हती. म्हणून नमुना दाखवून कुणाला पटवता येतं का बघायला ती दौंडच्या मावशीकडं निघाली होती.

"म्हंजी तुम्हाला दात नसलेला माणूस पायजे?"

"हो. एकही नसलेला."

"आणतो की," तो म्हणाला. "आमच्या घरातच हाय. पण एक अट हाय."

"कसली?"

"रुमाल तेवढा परत करायचा."

त्याचं नाव नागसेन. तो रेल्वेभरतीचा अभ्यास करत होता. आईवडील लहानपणीच गेलेले, वाढवलं ते आजोबांनी, भिमाजीआबांनी. आबांचा जन्म रुळांवर गेला होता. गँगमन म्हणून उन्हातान्हात राबले आणि निवृत्त होता होता दातही एकेक करून निवृत्त झाले.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागसेन आबांना घेऊन कॉलेजात हजर! कवळी काही एका फेरीत होत नाही. आज हिरड्यांचं माप, मग जबड्याचं, मग मेणावर दात मांडून बघायचे, मग पुन्हा बदलायचे... दर खेपेला आबा खुर्चीत आणि नागसेन बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून. पुस्तकाचं पान बराच वेळ उलटत नाही, हे करुणाच्या लक्षात आलं होतं. तिच्याही हातातला आरसा अधूनमधून बाकाच्या दिशेला वळायचा, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आबांच्या तर दोन्ही गोष्टी लक्षात आल्या होत्या, पण बिचाऱ्यांच्या तोंडात माप घ्यायचा मसाला भरलेला. बोलणार काय?

"पुढची तारीख कवा?" हे मात्र नागसेन आबांच्या आधी विचारायचा.

कवळी तयार झाली. करुणानं ती आबांच्या तोंडात बसवली आणि श्वास रोखून विचारलं, "आबा, दुखतंय का कुठं?"

"न्हाई गं बाय! लोण्यावाणी बसलीया."

करुणा पास झाली. आबांनी गल्लीत पेढे वाटले. त्यांचं बघून शेजारच्या आक्काबाईंनी कवळी करून घेतली, मग आणखी दोघांनी. सगळ्यांना पुण्याला न्यायचं-आणायचं काम नागसेनकडं. इंटर्नशिप संपवून करुणा तळेगाव ढमढेरेला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला लागली, नागसेन रेल्वेत असिस्टंट लोको पायलट झाला, तरी हा क्रम काही थांबला नाही. दर पंधरवड्याला स्वारी कुणाची तरी दाढ घेऊन दारात उभी. करुणाही अधूनमधून आधी कळवून आबांना भेटायला दौंडला जायची.

"दौंडात दातांचे डॉक्टर न्हाईत का हो?" दवाखान्यातल्या नर्सनं एकदा विचारलंच.

"हायेत की," नागसेन करुणाकडं बघत म्हणाला. तिनं घाईघाईनं मास्क वर ओढला. हसू लपवायला मास्कासारखी सोय नाही.

पण याच्या पुढं गाडी जाईना. तो 'तुम्ही' म्हणायचा, ती 'तुम्ही' म्हणायची, आणि मधे कुणीतरी आ वासून बसलेलं असायचं.

अशात करुणाचा पुढच्या शिक्षणाचा निकाल लागला. दोन परीक्षा दिल्या होत्या, तीन याद्यांत नाव होतं आणि तीनही याद्यांत नंबर लागला. चंदीगडला नामांकित संस्था, पण शाखा वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करायची. पुण्यात कॉलेज घराजवळ, शाखा हिरड्यांची. आणि नागपूरला सरकारी कॉलेज, तिथं कवळ्यांची शाखा, जिच्यावर तिचा पहिल्यापासून जीव होता. आधी एकही मिळतंय की नाही म्हणून घोर होता, आता तीन मिळाली म्हणून घोर!

घरात तर लग्नाची स्थळं आल्यासारखी चर्चा सुरू झाली. "चंदीगडचं घराणं मोठं हाय," असं तिचे वडील रोहिदास म्हणाले. ते सणसवाडीच्या कंपनीत कामाला होते, आणि त्यांच्या लाइनवरच्या पंजाबी मित्रानं तिकडच्या थंडीची आणि लस्सीची हमी दिली होती. आई माया अंगणवाडीत शिकवायची. ती म्हणाली, "पुण्याचं स्थळ नजरंसमोर राहील. पण नांदायचं तुला हाय बाई, आम्हाला न्हाई."

करुणानं मनाशी पुणं ठरवून टाकलं.

का? तिनं स्वतःला कारण सांगितलं ते असं, की ज्या माणसांनी माझ्यासाठी पहाटे उठून गाड्या पकडल्या, स्वतःची तोंडं माझ्या शिकाऊ हातांत दिली, त्यांना सोडून लांब जायचं कसं? आबांच्या कवळीवर आपण डॉक्टर झालो. उपकार विसरणाऱ्यातली ती नव्हती. हे कारण शंभर टक्के खरं होतं. फक्त एकटं नव्हतं. पुण्याहून दौंड गाडीनं तासा-दीड तासावर आहे, हे दुसरं कारण तिनं स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

जागा पक्की करायची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी तिनं पेढे घेतले आणि न कळवता दौंड गाठलं. पाऊस नुसता भुरभुरत होता. आबांचं दार उघडंच होतं.

आबा जेवत बसले होते. दुधात भाकरी कुस्करून, बोटांनी गोळा करून, हिरड्यांनी चावत. तोंडात एक दात नाही. कवळी फडताळावर, स्टीलच्या डबीत.

"जयभीम आबा," ती दारातूनच म्हणाली.

आबा दचकले. चोरी पकडल्यासारखे उठले, डबीवर झडप घातली आणि पाठमोरे होऊन कवळी तोंडात कोंबली. वळले तेव्हा हसत होते, पण घाईत खालची वर गेली होती. ते हसणं बघून कुणालाही हसू आलं असतं. करुणाला आलं नाही.

"काढा आबा," ती हळूच म्हणाली. "बसा इथं."

तिनं हात धुतले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि तोंडात पाहिलं. खालच्या हिरडीवर एक जुना व्रण होता, घासून घासून निबर झालेला.

"कधीपासून दुखतंय?"

आबा डबीचं झाकण लावायला लागले. आतल्या खोलीतून ड्युटीवरून आलेला नागसेन टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि उंबऱ्यातच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलं होतं.

"पहिल्या आठवड्यापासनं," तो म्हणाला.

"आणि आक्काबाई?"

"त्या लग्नकार्यात घालत्यात. फोटोपुरती."

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ते हे! दोन वर्षं ही माणसं ती येणार म्हटलं की कवळ्या चढवून बसत होती, आणि ती समाधानानं परत जात होती. करुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तूसुद्धा?" रागाच्या भरात ती 'तुम्ही' विसरली. "तू तरी सांगायचंस! त्याच आठवड्यात सांगितलं असतंस तर बोचतं तेवढं घासून दिलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं रे! पास मी झाले आणि दुखलं यांना..."

"आबांनी शपथ घातली हुती. पोरीची परीक्षा हाय म्हणले."

"आणि परीक्षा झाल्यावर?"

"तवा तू इतकी खुशीत हुतीस..." तो अडखळला. "तोंडातनं शब्दच फुटंना."

आबांनी तिचा हात धरला. "रडू नगंस. आगं, जल्मभर म्या हातोडा घिऊन रुळांवर फिरलो. येवढ्या गाड्या गेल्या अंगावरनं, कुणी खिडकीतनं बघितलं न्हाई. तू दिवसभर माझ्या तोंडात बघत बसायचीस... दुखतंय का आबा, गार लागतंय का आबा. तसं कोण इचारतं? कवळी न्हाई बसली तर न्हाई. त्या खेपा माझ्या वाया न्हाई गेल्या."

मग पेढ्यांचा पुडा दिसल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यो कशाचा?"

"पुणं घेतेय मी. तुमच्या सगळ्यांच्या जवळ राहीन म्हणून."

"कवळ्या शिकवत्यात तिथं तुला?"

"नाही. कवळ्या नागपूरला."

"मग पुण्यात काय माझं तोंड बघत बसतीस?" आबा एकदम खेकसले. "उपकार फेडायला जवळ ऱ्हाशील आन् आमी परत खोटं बोलू. लोण्यावाणी हाय, लोण्यावाणी हाय. आमच्या तोंडाला सवयच लागलीया. जा, शिकून ये. मग कर मला कवळी. दुखली तर शिव्या घालीन, मोप शिव्या घालीन!"

करुणा रडता रडता हसली. एवढं रोखठोक प्रेम तिच्यावर आजवर कुणी केलं नव्हतं. ती त्यांच्या पाया पडली आणि डोळे पुसायला बाहेर ओट्यावर आली.

नागसेन मागोमाग आला. पावसाची भुरभुर चालूच होती. पलीकडच्या यार्डात कुठल्याशा मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत होते.

"रागावलीस?"

"हो."

"लई?"

"खूप." तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "एक विचारते. आणि आता खरं बोल. मी पुणं का घेत होते, माहितीये?"

"आबांसाठी. आक्काबाईसाठी."

"आणि?"

"आन्...?"

"मी विचारतेय, नागसेन."

तो कठड्यावरचं पाणी बोटानं निपटत राहिला. रोज एवढं मोठं इंजिन घेऊन जाणारा माणूस, पण दोन शब्द बोलायला त्याला घाम फुटला होता.

"पुणं घेतलंस तर मला लई बरं वाटंल," तो अखेर म्हणाला. "सुट्टी मिळाली की यीन, तुला बघीन. पण दर वेळंला वाटंल, की मी आणखी एकदा गप बसलो आन् हिचं नुकसान केलं. म्हणून सांगतो, नागपूर घे. तू गेलीस की मला इथं करमायचं न्हाई. ते बी खरंच सांगतो. तू मला आवडतेस, करुणा. त्या एसटीतल्या दिवसापासनं."

"मग इतके दिवस...?"

"ते बी आबांनीच सांगू नको म्हणलं हुतं."

"आरं गाढवा!" आतून आबांचा आवाज आला. "परीक्षा हुईस्तवर सांगू नगं म्हणलं हुतं म्या! दोन वर्सं न्हाई!"

करुणाला इतकं हसू आलं की तिनं ओढणी तोंडावर धरली. मास्क नव्हता ना! मग तिनं मोबाइल काढला, नागपूरच्या नावापुढं बोट ठेवलं आणि क्षणभर थांबली. नागसेननं दाराशी टेकवलेली छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. ओट्यावर पाऊस येत नव्हता, तरी तिनं ती धरू दिली. नागपूर पक्कं झालं.

"माझं पण ऐक," ती म्हणाली. "पुणं घेत होते ना, त्यातलं अर्धं कारण तूच होतास."

"आन् नागपूरचं?"

"नागपूर माझं आहे. तरी तू सांगितलंस म्हणून जायला धीर आला."

दोन आठवड्यांनी दौंड स्टेशनवर संध्याकाळच्या गाडीला ही गर्दी! रोहिदास बॅगा मोजत होते, मायानं डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या होत्या, आणि आक्काबाई उघड्या हिरड्यांनी, अजिबात न लाजता, प्लॅटफॉर्मभर हसत होत्या. आता लपवायचं काय होतं? करुणा एकेकाचा निरोप घेत गेली. या सगळ्यांनी आपल्याला घडवलं, आणि शिवाय जा म्हणूनही सांगितलं.

गाडी लागली. नागसेननं बॅग सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीपाशी येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत काय बोलणार? बरंच काही बोलायचं असलेला माणूस बोलतो तसं तो भलतंच बोलला.

"तिथं नवीन गाव. पेशंट मिळतील का तुला? म्हणशील त्याला घेऊन येतो. पुढच्या महिन्यात रजा हाय माझी. कुणाला आणू?"

गाडीनं हलका हिसका दिला. करुणानं खिडकीच्या गजावरच्या त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला, आईवडिलांसमोर, आबांसमोर, अख्ख्या दौंड जंक्शनसमोर.

"कुणाला आणू नकोस," ती म्हणाली. "या खेपेला एकटा ये."