अंगठ्याएवढा खळगा

बारामतीच्या एसटी स्टँडामागे, रसवंतीला लागून सावळारामचं पत्र्याचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि गेल्या सालचं कॅलेंडर, एवढाच संसार. सावळाराम मूळचा शेळगावचा. गावात बारसं असो की मयत, आजही वस्तऱ्याची पिशवी घेऊन तोच जायचा. त्याच गावचा दादासो दर शनिवारी ड्यूटी सुटली की तिथं येऊन बसायचा आणि येऊन काय करायचा, तर फक्त गप्पा. कारण त्याच्या चेहऱ्याला वस्तरा म्हणून कधी लागलाच नव्हता.

दादासो एकोणतीस वर्षांचा, एमआयडीसीत फिटर. दाढी त्यानं हौसेनं राखली नव्हती. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याचे वडील, गेणूआबा, मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरले. घाटात एक मेंढी चुकली म्हणून तिला शोधायला मागे फिरले ते फिरलेच. मेंढरं आली, सोबतीही आले, आबा नाही आले. दादासोला तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. आबा परत येईपर्यंत तोंडाला वस्तरा लावायचा नाही, असं त्यानं आईपुढं सांगून टाकलं. सोळाव्या वर्षी माणूस असलं काहीही बोलतो. पण दादासोनं ते बारा वर्षांवर पाळलं.

आता सप्टेंबर शहाण्णव चालू होता. दाढी काथ्यासारखी राठ झाली होती, मशीनवर वाकलं की लोखंडाचा कीस तिच्यात अडकायचा आणि साहेबानं तर तंबीच दिली होती की एकतर कापा, नाहीतर नीट ठेवा.

सावळारामनं फळीवरची तपकिरीची एक जुनी डबी काढून त्याच्या हातात ठेवली. आत पिवळसर, घट्ट असं काहीतरी होतं.

"ह्ये लावून बघ. मलम हाय. कडंचं नखानं खरवडायचं, तळव्यावर चोळायचं आन हनुवटीपास्नं वर न्यायचं."

"दाढीला मलम? तिला काय खरूज झालीया व्हय?"

"हस लेका, हस. तुज्या आबाला ह्येच करून द्यायचो मी. मेण, खोबरेल, एरंडेल आन जरासा कापूर. त्येच्या मागं कुणासाठी केलंच न्हाय. म्हटलं, ह्याला लावून बघावं."

गेणूआबांच्या दाढीचं नाव पंचक्रोशीत होतं. हनुवटीवर तिला आपोआप भांग पडायचा, मेंढीच्या पाठीवर लोकर दुभागते तसा. दादासोच्या दाढीला असलं वळण कधीच नव्हतं. त्यानं डबी खिशात टाकली आणि खोलीवर गेला.

मलम गुणाचं निघालं. दोन दिवसांत दाढी मऊ पडली. साहेबसुद्धा म्हणाला, आता माणसात आलास. सकाळी लावताना त्याला मेणाचा आणि कापराचा वास यायचा. दुपार झाली की मात्र वेगळाच वास सुटायचा. ओल्या घोंगडीचा आणि शेणीच्या धुराचा. कारखान्यात घोंगडी कुठून येणार? दादासोनं शर्ट हुंगला, रुमाल हुंगला. वास हनुवटीतूनच येत होता.

पाचव्या दिवशी आरशात बघताना त्याला दिसलं की दाढीला मधोमध भांग पडलाय. त्यानं कंगव्यानं तो मोडला. तोंड पुसेपर्यंत केस पुन्हा दोहीकडे झाले.

घाबरणाऱ्यातला दादासो नव्हता. मेण आहे, वळण धरलं असेल, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. पण त्याच सकाळी डबी उघडली, तर मलमाच्या मधोमध एक खळगा होता. अंगठा दाबून ओढून घ्यावा तसा. तो स्वतः तर सांगितल्याप्रमाणे कडेचंच खरवडत होता. त्यानं आपला अंगठा खळग्यात ठेवून बघितला. दोन्ही बाजूंनी जागा उरली.

फिटरचा जीव मापाशिवाय शांत होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातून व्हर्निअर आणला. त्याचा अंगठा भरला एकवीस मिलिमीटर. खळगा सव्वीस. खोलीत तो एकटाच राहायचा. मग त्यानं मलम चमच्यानं सपाट केलं, डबी ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी किल्ली जागेवर, कुलूप जागेवर. खळगाही जागेवर. सव्वीस.

त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? आणि खरं बोलायचं तर त्याला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता. बारा वर्षांनी प्रथमच त्याला वाटलं, आबा कुठंतरी आहेत.

त्याच आठवड्यात त्याचे चुलते, हिंदुराव तात्या, त्याच्या धाकट्या बहिणीचा विषय घेऊन कारखान्याच्या गेटवर येऊन उभे राहिले.

"सारजाचं जमतंय. कळंबचं स्थळ हाय. मानसं चांगली हायती. पर पाहुनं इचारत्यात, पोरीचा बाप हाय का न्हाय? मी काय सांगू? हायबी म्हनवंना, न्हायबी म्हनवंना."

"मग?"

"बारा वर्सं उलटली. सर्वपित्रीला पुतळा करून अग्नी देऊ. गावाची रीतच हाय ती. तू थोरला, तुलाच करावं लागंल."

 बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या काटक्यांचा पुतळा करून त्याला जाळायचं, ही रीत दादासोला ठाऊक होती. पुतळा जळाला की माणूस मेला. मग तो कुठंही असो. आणि तो मेला की आईचं कुंकू गेलं. द्वारकाबाई अजून रोज सकाळी छोट्या आरशापुढं बसून कपाळाला आधी मेण लावायच्या, मग त्यावर रुपयाएवढं कुंकू. गावातल्या बायका मागून कुजबुजायच्या. त्यांनी कधी पर्वा केली नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी इंदापूरच्या गाडीनं दादासो शेळगाव फाट्यावर उतरला आणि चालत घरी आला. दिवस कलला होता. द्वारकाबाई ओसरीवर बाजरी पाखडत होत्या. पावलं ऐकून त्यांनी वर बघितलं, सूप खाली ठेवलं आणि झटकन उठून पदर डोक्यावरून पुढं ओढला. भिंतीकडे अर्धवट तोंड करून, खालच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"आलासा?"

दादासो अंगणातच थबकला. आई असा पदर घेऊन, असं अदबीनं एकाच माणसाशी बोलायची.

"आई, मी हाय."

द्वारकाबाईंनी पदराआडून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुढं येऊन त्यांनी त्याच्या हनुवटीला हात लावला आणि तो हात नाकाशी नेला.

"ह्यो वास कुठनं आनलास?"

त्यानं डबी दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, खळगा बघितला आणि त्यांच्या तोंडून अगदी सहज निघालं.

"किती येळा सांगितलं त्यास्नी, कडंनं घ्या म्हनून. ऐकतील तर शप्पत."

जेवणं झाल्यावर त्यानं आईला खळग्याचं सगळं सांगितलं, व्हर्निअरसकट. ऐकता ऐकता द्वारकाबाईंचे डोळे भरून आले.

"मग जित्या मानसाला जाळायचं व्हय, दादासो?"

"तू न्हाय म्हन. मी उद्या तात्याला सांगतो, होनार न्हाय म्हनून."

आत चुलीपाशी सारजा भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. एकोणीस वर्षांची पोर. बाप गेला तेव्हा सहा वर्षांची होती, तिला त्याचं तोंडसुद्धा नीट आठवत नव्हतं. आधीची दोन स्थळं याच पायी मोडली होती. द्वारकाबाई त्या गप्प झालेल्या दाराकडे बघत राहिल्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोरीचं होऊ दे. माज्या कपाळाचं मी बघून घीन."

त्या उठल्या आणि डबी त्यांनी आपल्या मेणाशेजारी, कोनाड्यात ठेवून दिली.

सकाळी सगळे ओढ्यावर जमले. हिंदुरावांनी पळसाच्या काटक्या बांधून धड केलं होतं, डोक्याच्या जागी नारळ, त्याला कणकेचं तोंड. वर आबांची जुनी घोंगडी. सावळाराम पहाटेच्या गाडीनं बारामतीहून आला होता. दादासो त्याच्यापुढं दगडावर बसला.

वस्तरा पहिल्यांदा गालाला लागला तेव्हा त्याला रडू कोसळलं. वचन मोडल्याचं ते रडू होतं. सावळारामचेही डोळे वाहत होते. गेणूआबा त्याचे लहानपणचे सोबती. कापलेली दाढी त्यानं धोतराच्या सोग्यात नीट गोळा केली. ती वाहत्या पाण्यात सोडायची असते.

पण मागं बायका बोलत होत्या. ह्यो गेणूआबा दिसतुया का? दाढीबिगर कसला गेणूआबा?

सावळारामला ते लागलं. आयुष्यभर ज्याच्या दाढीला हात लावला त्याचं तोंड असं बोडकं कसं पाठवायचं? त्यानं पिशवीतून मलमाचा गोळा काढला, कणकेच्या हनुवटीला चोपडला आणि सोग्यातले केस मूठमूठ घेऊन त्यावर बसवले.

"आता बगा," तो म्हणाला.



दादासोनं वळून बघितलं. दाढी बसवून सावळारामनं हात काढून घेतला होता. कुणीही तिला शिवत नव्हतं. ती हळूहळू मधोमध दुभागली.

वारा नव्हता.

"तात्या, जरा थांबा," दादासो म्हणाला.

पण हिंदुरावांनी पेटता पलिता त्याच्या हातात दिला होता. सगळी भावकी बघत होती. द्वारकाबाई लांब, बाभळीखाली खाली मान घालून बसल्या होत्या. शेजारी सारजा.

दादासोनं सारजाकडं बघितलं आणि अग्नी दिला.

केस आधी पेटले. जळक्या केसांचा वास यायला हवा होता. आला तो ओल्या घोंगडीचा.

त्याच क्षणी त्याच्या दोन्ही गालांना चटका बसला. त्यानं हात लावून बघितला. कातडी गार होती.

बाभळीखाली बांगड्या फुटल्याचा आवाज आला.

मार्गशीर्षात सारजाचं लग्न झालं. चांगलं झालं. पाहुणे खूश, हिंदुराव खूश. कन्यादानाला चुलता-चुलती बसले. द्वारकाबाई कोरं कपाळ घेऊन आतल्या खोलीत बसून राहिल्या. दादासोला कुणी म्हणालं, कसा कोवळा दिसतोस रे, नवरदेवापेक्षा लहान.

तो कोवळा दिसत होता, कारण अडीच महिन्यांत त्याच्या तोंडावर केसाचा एक खुंटसुद्धा उगवला नव्हता.

लग्नानंतरच्या शनिवारी तो सावळारामच्या खुर्चीत बसला. सावळारामनं उजेडात त्याचा गाल फिरवून बघितला, पाण्याचा हात लावला, वस्तऱ्याची बोथट बाजू उलटी फिरवून बघितली. पात्याला काहीच अडकलं नाही. तान्ह्या पोराचा गाल असावा तसा गाल. सावळाराम बाजूच्या स्टुलावर बसला.

"चूक माजी हाय," तो म्हणाला. "केस पान्यात सोडायचं सोडून मी त्येला लावलं. नाव त्येचं घेतलं आन जाळलं तुजं."

"म्हंजी काय, मामा?"

 सावळारामनं वस्तरा पुसून मिटला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

भोगीला दादासो गावी गेला. रात्रीच्या वस्तीच्या गाडीनं पोचला आणि पडल्या पडल्या झोपला. सकाळी उठला तेव्हा अंगणात बंब पेटला होता. आई पलीकडे लाकडं फोडत होती. गावातल्या बायका संक्रांतीच्या वाणवशाच्या तयारीला लागल्या होत्या. या घरात यंदा ते काही नव्हतं. भिंतीवरचा छोटा आरसाही नव्हता. कुंकू गेलं त्या दिवशीच द्वारकाबाईंनी तो काढून सारजाच्या सामानात टाकला होता.

कोनाड्यात डबी दिसली म्हणून त्यानं उघडली. तीन महिन्यांपूर्वी ठेवली तेव्हा ती अर्धी भरलेली होती. आता तळाचा पत्रा दिसत होता. मधोमध रुंद खळगा, आणि त्यात अडकलेला एक पांढरा, राठ केस.

तो डबी घेऊन बाहेर आला.

"आई, ह्ये मलम कोन वापरतंय?"

"तूच की," द्वारकाबाई खाली बघतच म्हणाल्या. "रोज सकाळच्या पारी न्हानीपाशी वास येतो तुजा. म्हनून तर पानी तापवून ठिवती."

"आई, मी रोज हितं कुठं असतो? मी बारामतीला असतो."

कुऱ्हाड थांबली.  द्वारकाबाई लाकडाची मोळी उचलून सरळ झाल्या आणि डोक्यावरचा पदर मागं घसरला.

कपाळावर कुंकू होतं. पूर्वी त्या लावत तसं गोल, रेखीव नव्हतं. अंगठ्यानं खालून वर एकदाच ओढलेलं, पिवळसर मेणावर बसलेलं.

"असा काय बगतूस?" द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांना ठाऊकच नव्हतं.

दादासोला माप घ्यायची गरज पडली नाही. सव्वीसच होतं.