उलटा श्वास

"एक्स-रे इथेच काढतात का हो?"

तिने डोळे उघडले. दारात एक उंचापुरा माणूस उभा होता. हातात चिठ्ठी, भुवया अर्ध्या जळालेल्या. तिने घाईघाईने सुजलेले पाय चपलांत सरकवले.

"समोरचं दार. इथे माउथ ऑर्गन शिकवतात."

"दवाखान्यात?"

"छाती कमजोर झालेल्यांना. फुंकायचं, ओढायचं… श्वास वाढतो."

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. "मग इथेच यायचंय मला. एक्स-रे झाल्यावर. आधीच आलो, एवढंच."

तो काचेच्या कारखान्यात लांब नळीने काच फुंकणारा कारागीर होता. न्यूमोनियाने त्याला दोन महिने लोळवलं होतं. आणखी दोन महिन्यांत श्वासाच्या तपासणीत पास झाला तर भट्टीवरची जागा त्याची, नाहीतर दुसऱ्याची. ती नर्स. सकाळी सातपासून वॉर्ड, चारला हे शिकवणं, आणि घरी गेलं की अंथरुणाला खिळलेले वडील. पस्तिशीतच तिच्या कमरेने साठी गाठली होती.

एक्स-रे काढून तो परत आला. "सिस्टर…" म्हणता म्हणता तो अडखळला. "नको. तुम्हाला मास्तरीणबाई म्हणतो."

"काहीही म्हणा, पण ताठ बसा."

पहिल्याच फुंकेला एका भोकातून एकच सूर निघाला, स्वच्छ. तिला नवल वाटलं. बाकीच्यांची ओठ आवळता आवळता तीन आठवडे दमछाक होते. दोन-तीन सूर एकदम भेकतात. याचे ओठ नळीवर घडलेले.

पण ओढायची वेळ आली की तो बाजा तोंडापासून दूर करायचा, श्वास घ्यायचा, मग पुन्हा लावायचा. दर वेळी.

"अहो, काढता कशाला? ओठ लावलेलेच ठेवा आणि आत ओढा."

"होत नाही हो. नळी तोंडात असताना श्वास ओढला की गरम हवा छातीत. पहिल्या दिवशी उस्तादांनी याच्यावरून पाठीत धपका घातला होता. वीस वर्षं झाली… पाठ अजून विसरत नाही."

"इथे भट्टी नाहीये."

"तुम्ही रागावता तेव्हा वाटते."

ती हसली नाही. हसायलाही ताकद लागते. पण दुसऱ्या दिवशी तिने दोन कप चहा आणला. "भुरका मारा. जोरात. लाजू नका."

त्याने असा काही भुरका मारला की बाहेर झाडणाऱ्या मावशी डोकावल्या. "अगंबाई, पंप बसवलाय का?"

"आता तसाच इथे मारा."

त्याने बाजा लावला… आणि ओढलेला पहिला सूर आला, कापरा, पण आला. तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने नजर खिडकीकडे वळवली, उगाच.

मग रोज तेच. चौथं भोक, फुंक आणि ओढ, दहा मिनिटं. मग पाचवं. एक सूर आठ आकड्यांपर्यंत धरायचा, पुढच्या आठवड्यात बारापर्यंत. घरूनही सराव करून यायचा. शेजारी भिंत ठोकतात म्हणायचा. सहाव्या आठवड्यात सलग एक सबंध चाल त्याने न थांबता वाजवली. वॉर्डातले दोघं-तिघं दारापर्यंत आले. तिने शाबासकी दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हा बरा होणार, म्हणजे चार वाजता येणार नाही. दिवसभरात न दमवणारा तेवढाच एक तास होता तिचा.

आणि सातव्या आठवड्यात तो बिघडला. दोन-दोन सूर एकदम, फाटके. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. शुक्रवारी तपासणी.

"पुन्हा वाजवा," ती म्हणाली. पुन्हा तसंच. तिने शांतपणे बाजा त्याच्या हातून काढून घेतला.

"ही चूक तुमची नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही श्वास अडवाल, बाजा दूर कराल… ती तुमची चूक. दोन भोकं एकदम धरायची, हे तुमच्या ओठांना जमणारच नाही. मुद्दाम करताय. जागा जाईल ना!"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नापास झालो तर आणखी महिनाभर इथे पाठवतील… असं वाटलं."

"वेडे आहात."

"आहे."

ती खुर्चीत टेकली. "ऐका. मी फार दमलेली बाई आहे हो. रविवारी सुट्टी, ती वडिलांची अंघोळ आणि धुण्यात जाते. माझ्याशी बोलायला याल, तर मी बोलता बोलता झोपेन."

"झोपा की. आम्हाला काच निवेपर्यंत बसायची सवय असते. घाई केली की तडकते."

"शुक्रवारी नीट वाजवा आधी."

"आणि रविवारी?"

"…दहा वाजता. बाबांना उचलायला माणूस लागतो."

शुक्रवारी तो पास झाला. रविवारी दहाच्या आधीच दारात. बाबांना त्याने अलगद उचललं, न्हाऊ घातलं, आणि "हळू रे लेका" असं बाबा कुरकुरले तेव्हा "हळूच आहे बाबा" म्हणाला. ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन क्षणभर खुर्चीवर टेकली…

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. ती दचकून उठली. "किती वाजले? कपडे—"

"वाळत घातले."

"बाबांचं जेवण? औषध?"

"झालं दोन्ही. त्यांनीच सांगितलं कुठली गोळी." तो खुर्चीजवळ जमिनीवर बसला होता. "काही राहिलं नाही. झोपा परत."

कित्येक वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि डोळे मिटून घेतले.