ओल्मेद्रांच्या पिंपांवरची साय

हेरेस गावात लग्न असो की मयत, पहिला पेला ओल्मेद्रा घराण्याच्या शेरीचा, म्हणजे द्राक्षांच्या दारूचा, हा पणजोबा-खापरपणजोबांपासूनचा रिवाज. नाव एवढं मोठं, आणि ते चालवायला उरली होती एकटी कासिल्दा. साठीची, बिनलग्नाची. आई गेल्या हिवाळ्यात वारली. कामगार आता फक्त द्राक्षांच्या हंगामापुरते येत.

वसंत आला आणि पिंपांतली साय मरू लागली.

पिंपातल्या शेरीवर दुधासारखी साय धरते, पण जिवंत, यीस्टची. तीच तिला हवेपासून जपते. साय गेली की शेरी काळवंडते, आणि मग ओल्मेद्रा काय नि कोपऱ्यावरचा गुत्ता काय! शेजारच्या कोठारांत साय जाड होती, इथे मात्र फाटत चालली होती. कोठारात गारवा राहावा म्हणून कासिल्दाने खिडक्यांना गवताच्या चटया लावल्या, जमिनीवरच्या पिवळ्या वाळूवर पाणी शिंपडलं. कशाचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी तिने खासिंतोला बोलावलं. तो तिच्या वडिलांच्या वेळचा मुकादम. म्हाताऱ्याने लांब दांड्याची वाटी पिंपात सोडली, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"पोरी, इथे शेवटचं कोण बोललं?"

"म्हणजे?"

"साय माणसांच्या बोलण्यावर धरते. तुझे वडील पिंपांना शिव्या घालायचे, मी गायचो. गळा भसाडा असला म्हणून काय झालं!"

"काका, हे शेरी पिऊन बोलताय."

"फुकटची मिळाली तर पिऊनच बोलेन. पण तू बोल."

तिने ते हसण्यावारी नेलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, ती दाराजवळच्या पिंपापाशी स्टूल घेऊन बसली आणि बोलली. हवेबद्दल, दुखऱ्या गुडघ्याबद्दल, मग आईबद्दल. बोलता बोलता तिला रडू फुटलं. कितीतरी महिन्यांत आपण कुणाशी बोललोच नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि ते साय मरण्यापेक्षा वाईट होतं.

हळूहळू साय धरली. मग ती रोज बोलू लागली, दारापाशीच बसून. पलीकडच्या पिंपांच्या रांगांवर काळोख असे.

खासिंतो पाहायला आला. सगळं कोठार फिरून परतला तो खुशीत.

"शाब्बास! घराण्याचं नाव राखलंस. मागच्या रांगेत तर बोटभर जाड साय आहे. तिथेच जास्त बसतेस वाटतं?"

"हो," कासिल्दा म्हणाली.

मागच्या रांगेकडे ती फिरकलीसुद्धा नव्हती.

त्या दुपारी ती स्टुलावर बसली, पण बोलली नाही. बराच वेळ नुसती माश्यांची गुणगुण चालू होती. मग मागच्या रांगेतून दबका आवाज आला. गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी हसलं.

घाबरायला हवं होतं. तिला आनंद झाला. तिने केस सारखे केले आणि ती काळोखात शिरली.

रांगेत कुणी नव्हतं.

एका पिंपाचं बूच निघालेलं होतं. आत एक बाई आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होती, आणि दुसरं कुणीतरी मायेने हुंकार देत होतं.

बाईचा आवाज कासिल्दाचा होता.

"मीही बसू का?" तिने हळूच विचारलं.

हुंकार थांबला.

"गप्प," तिचाच आवाज आतून म्हणाला. "ती आली."